'चिंधी' आणि 'चिंदी'

१

गेल्या वर्षी एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने उपनगरी बोलीतील खरेदी-विक्रीच्या शब्दांवर एक छोटा प्रकल्प लिहिला. घाटकोपर ते मुलुंड आणि अंधेरी ते बोरिवली या दोन पट्ट्यांत राहणाऱ्या आपल्या वयाच्या मुलामुलींच्या तोंडचे शब्द तिने टिपले होते आणि प्रत्येक शब्दाखाली तो कोठे व कोणत्या प्रसंगी ऐकला याची नोंद केली होती. प्रकल्प तपासताना माझा लाल पेन एकाच शब्दावर अकरा वेळा थांबला. तिने सर्वत्र 'चिंदी' असे लिहिले होते. मी सर्वत्र 'द'चा 'ध' केला. वही परत घेताना तिने ती पाने उलटून पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, हा तो शब्द नाही. हा वेगळा आहे."

प्रमाणलेखनाविषयी जे सांगायचे ते मी तिला सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि ती गेली. पण तिचे वाक्य राहून गेले. ते राहण्याचे कारण केवळ भाषाशास्त्रीय नव्हते, हे या लेखाच्या ओघात सांगावे लागेल. त्याआधी तिचे म्हणणे कितपत खरे आहे, हे पाहणे इष्ट आहे.

हलक्या प्रतीची, पडत्या भावात पदरात पाडून घेतलेली वस्तू आणि तशी वस्तू घेण्याची वृत्ती, या दोन्हींसाठी मुंबईच्या तरुण बोलीत आज 'चिंदी' हा शब्द सर्रास चालतो. विद्यार्थिनीने दिलेली उदाहरणे अशी : 'चिंदी इअरफोन', 'चिंदी ऑफर', 'दोनशेत बूट? चिंदीच असणार', 'दहा रुपयांसाठी चिंदीगिरी करू नकोस', 'तो जाम चिंदी आहे', 'आम्ही आपले चिंदी लोक'. या उदाहरणांचा क्रम तिचा नव्हे, माझा आहे. ती अशी मांडली की शब्दाचा प्रवास दिसतो. प्रथम वस्तू, मग व्यवहार, मग वर्तन आणि शेवटी माणूस.

व्याकरणाची साक्षही तिच्या बाजूने आहे. मराठीतील 'चिंधी' हे स्त्रीलिंगी नाम. त्याला अनेकवचन आहे, 'चिंध्या', आणि प्रत्यक्ष वापरात हे अनेकवचनच अधिक. 'चिंदी' हे मात्र बहुधा विशेषण आहे, अविकारी विशेषण : चिंदी शर्ट, चिंदी बॅग, चिंदी दुकान. 'शर्टाच्या चिंध्या' आणि 'चिंदी शर्ट' यांत केवळ एका महाप्राणाचा फरक नाही. पहिल्यात शर्ट फाटलेला आहे. दुसऱ्यात तो धड आहे, नवा कोराही असेल, पण त्याची किंमत त्याच्या अंगावर दिसते आहे. नाम म्हणून हा शब्द माणसाला लागतो तेव्हा तर तो लिंगही बदलतो : 'तो एक नंबरचा चिंदी आहे.' ज्या शब्दाचे लिंग, वचन, पदजाती आणि उच्चार ही चारही अंगे बदलली, त्याला वेगळा शब्द म्हणणाऱ्या विद्यार्थिनीला मी शुद्धलेखन शिकवत होते.

अर्थात तो आला कोठून, हे उघड आहे. हिंदीत चिंधीला 'चिंदी' म्हणतात आणि 'चिंदीचोर' ही शिवी हिंदी चित्रपटांनी घरोघर पोहोचवली. मराठीतला 'ध' असा मुंबईच्या हिंदीत अल्पप्राण होऊन पुन्हा मराठी मुलांच्या तोंडी आला. आपलाच शब्द बाहेरून परत येतो तेव्हा त्याला आपण ओळखत नाही. आणि ओळखले तर घरच्या कपड्यांत बसवू पाहतो. मी तेच केले होते.

२

मूळ शब्दाची ऐपत काय होती? मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात 'चिंधी' आहे, आणि तिचा अर्थ फाटक्या कापडाचा तुकडा एवढाच साधा आहे. पण कोशातील अर्थ साधा असला तरी मराठी संस्कृतीत तिचे स्थान साधे नाही. कृष्णाच्या बोटाची जखम बांधायला सुभद्रेला घरात चिंधी सापडत नाही. द्रौपदी मात्र अंगावरचे भरजरी वस्त्र क्षणात फाडून देते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जागा नसलेली ही लोककथा मराठी घरांनी पिढ्यान्पिढ्या सांगितली. त्या चिंधीच्या बदल्यात पुढे न संपणारे वस्त्र मिळाले, असा तिचा हिशेब आहे. मराठी मनाला ठाऊक असलेला हा सर्वांत किफायतशीर सौदा असेल. आणि तो चिंधीचा आहे.

गाडगेबाबांच्या (१८७६-१९५६) अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र असे. लोकांनी त्यांना गोधडेबुवा म्हटले, चिंधेबुवाही म्हटले. त्याही मागे बौद्ध भिक्खूंचे पांसुकूल चीवर आहे : धुळीत, उकिरड्यावर पडलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून केलेले. जगाने टाकलेले अंगावर घेणे हा तेथे व्रताचा भाग होता.

याच शब्दाची दुसरीही परंपरा आहे आणि ती विसरून चालणार नाही. मूल जगावे म्हणून त्याला दगडू, धोंडू, उकिरडा, चिंधू अशी नावे ठेवण्याची रीत आपल्याकडे होती. नजर लागू नये, मृत्यूला ते घ्यावेसे वाटू नये, ही त्यामागची भावना. पण मुलीचे नाव 'चिंधी' ठेवले जाई तेव्हा त्यात दर वेळी जपणूक असेच असे नाही. वर्धा जिल्ह्यात १९४८ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे अनाथांची माई झालेल्या सिंधुताई सपकाळ यांचे लहानपणीचे नाव चिंधी होते, कारण त्या घरात नको असलेली मुलगी होत्या. म्हणजे माणसाला चिंधी म्हणणे ही आजच्या बोलीची निर्मिती नव्हे. फरक एवढाच की, तेव्हा जन्माने नकोसे झालेल्याला ते नाव मिळे. आज ते खरेदीने मिळते.

३

माझ्या घरी हा शब्द धंद्याचा होता.

माझे वडील सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातून मुंबईत येऊन लालबागच्या एका कापडगिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. तो संप रीतसर कधी संपलाच नाही. माझे वडीलही गिरणीत परत गेले नाहीत. आम्ही भांडुपला डोंगराच्या उतारावरच्या एका चाळीत आलो. वडील रात्रपाळीचे पहारेकरी झाले आणि आईने शिवणयंत्र घेतले.

गिरणीतल्या माणसाला कापडाच्या तुकड्यांची उतरंड पाठ असते. ताग्यातून निघालेला बऱ्यापैकी तुकडा म्हणजे फेंट, त्याहून आखूड तो रॅग आणि सर्वांत आखूड ती चिंधी. अबकारी कराच्या इंग्रजी कागदपत्रांतही फेंट आणि रॅग यांच्या पंक्तीला 'चिंदीज' अशी श्रेणी असे. तेथे इंग्रजी अनेकवचन लागताना 'ध' आधीच 'द' झालेला होता, ही गंमत मला अलीकडे कळली. पण मुद्दा उच्चाराचा नाही. त्या हिशेबात चिंधी हे एक माप होते. तिच्यात निंदा नव्हती. ती वाईट कापडाची असेलच असे नव्हते. उत्तम पॉपलिनचीही चिंधी निघे. ती फक्त आखूड होती.

आई साकीनाका आणि असल्फा भागातल्या शिलाई कारखान्यांतून किलोवर चिंध्या आणी. आज त्या रस्त्यावरून, घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून, माणसे डोक्यावरून निघून जातात. तेव्हा ती गाठोडे घेऊन बसने घाटकोपरला आणि तेथून लोकलने भांडुपला येई. घरी आल्यावर गाठोडे सोडून ती चिंध्या निवडायला बसे. सुती एकीकडे, कारण त्या पाणी शोषतात. त्यांची फडकी, मसोते आणि वाकळी. टेरीकॉटच्या दुसरीकडे, कारण त्या पाणी शोषत नाहीत पण झिजतही नाहीत. त्यांची पायपुसणी आणि पिशव्या. होजिअरीच्या तिसरीकडे, त्या यंत्रे पुसायला म्हणून कारखान्यांत परत जात. माझ्या भाषाभ्यासाचा पहिला तास हाच असावा. एकाच नावाच्या ढिगात किती जाती असतात, त्या हाताला कशा कळतात आणि त्यांचे उपयोग एकमेकांत का मिसळू नयेत, हे मी तेथे पाहिले.

याच चाळीत दर महिन्याला बोहारीण येई. जुने कपडे घेऊन त्याबदली भांडे देणाऱ्या, बहुतेक वाघरी समाजातल्या, या बायका मुंबईच्या उपनगरांत ज्याने पाहिल्या नाहीत असा माझ्या पिढीतला मनुष्य विरळा. दारात टोपली उतरवून ती एकेक कपडा उजेडात धरी. काख, कॉलर, गुडघा, पदर यांवरून तिची बोटे फिरत. शेजारणी स्टीलच्या डब्यावर नजर ठेवून तिच्याशी घासाघीस करत आणि एखाद्या विरलेल्या कपड्यापाशी ती ठामपणे म्हणे, "ये तो चिंदी है." म्हणजे हा सौद्यात धरला जाणार नाही. कापड आणि चिंधी यांच्यामधली रेषा ही विनिमयाची रेषा आहे, हे तिच्याइतके नेमके मला पुढे कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाने शिकवले नाही. आणि तिने नाकारलेला तो कपडा शेजारीण आमच्या घरी आणून देई, कारण आमच्याकडे सौदा तेथून पुढे सुरू होत असे.

४

हलक्या मालाला नावे ठेवणारा हा एकच शब्द नव्हे, आणि त्याचे वेगळेपण इतर शब्दांशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

माझ्या लहानपणी असा माल 'मेड इन यू. एस. ए.' असे. या आद्याक्षरांची फोड 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' अशी करून मोठी माणसे हसत. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांनी उभ्या केलेल्या आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालेल्या त्या वसाहतीने हाताला लागेल ते बनवून विकले. त्या कष्टांची पावती मुंबईने या विनोदाने दिली. पुढे १ एप्रिल २००१ रोजी भारताने आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठवले, स्वस्त परदेशी वस्तूंनी पदपथ भरले आणि 'चायना' हे देशाचे नाव विशेषण झाले : चायना मोबाइल, चायना बॅटरी. 'टिकणार नाही' असे वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

विक्रेत्याची भाषा याच्या उलट दिशेने जाते. अंधेरी किंवा बोरिवली स्थानकाबाहेरचा फेरीवाला कपड्याचा दोष झाकत नाही, त्याला पदवी देतो. परदेशी पाठवणीतून नाकारलेला तुकडा 'एक्स्पोर्टचा माल' होतो. कापडातली खोट, तो सांगतो, फार वरच्या दर्जाची खोट आहे. गिऱ्हाईकही हे मनोमन जाणून हसते. या व्यवहारात फसवणूक फारशी नसते. दोघांनाही वस्तूची पायरी ठाऊक असते आणि भावातली घासाघीस हा त्या ओळखीचाच एक भाग असतो.

आता पाहा : 'यू. एस. ए.' म्हणताना दोष बनवणाऱ्यावर जातो. 'चायना' म्हणताना तो मूळ ठिकाणावर जातो. 'डुप्लिकेट' म्हणताना वस्तूवर. 'चिंदी' म्हणताना मात्र तो घेणाऱ्यावर येतो. मालाच्या गुणवत्तेविषयी बोलतो असे भासवून हा शब्द गिऱ्हाइकाच्या ऐपतीविषयी बोलतो.

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणा आहे. मम्मटाने सांगितलेल्या तीनही अटी येथे पुऱ्या होतात. धड शर्टाला चिंधी म्हटल्याने मुख्यार्थाचा बाध होतो. क्षुल्लकपणाच्या संबंधाने तद्योग साधतो. आणि उरते ते रूढी किंवा प्रयोजन. ही लक्षणा आता रूढ झाली आहे, असे म्हणून आपण थांबू शकतो. पण रूढीच्या आड प्रयोजन जिवंत आहे आणि ते व्यंजनेने कळते : बोलणारा स्वतःला त्या भावापासून, त्या पदपथापासून आणि त्या माणसापासून वेगळे काढत असतो. त्याला हे वेगळे काढावे लागते, कारण तो फार दूर नसतो. मलबार हिलवरचा मनुष्य भांडुपच्या मुलाला चिंदी म्हणत नाही. त्याच्या दृष्टीस तो पडतच नाही. चिंदी म्हणतो तो शेजारच्या इमारतीतला, ज्याच्या घरात एका पिढीपूर्वी बोहारीण येत होती.

या शब्दाला बहर आला तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. २००० नंतरच्या दशकात मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, मालाड येथे मॉल उभे राहिले. तेथे भाव छापील असतो. घासाघीस हे माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांचे कौशल्य होते. भाजीच्या जुडीमागे चार आणे सोडवून आणणारी बाई घर सांभाळणारी समजली जाई. छापील भावाच्या जगात तेच कौशल्य चिंदीगिरी ठरले. 'सेल'च्या पहिल्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र कोणी चिंदी म्हणत नाही. म्हणजे स्वस्त घेणे हा दोष नाही. भाव कमी करा असे तोंडाने म्हणावे लागणे, हा आहे.

५

आता जे सांगायचे ते टाळता येत नाही.

१९९७ साली मी पदवीच्या पहिल्या वर्षाला गेले तेव्हा आईने मला एक पिशवी शिवून दिली. टेरीकॉटच्या निळ्या चिंध्यांमधून तिने एका छटेच्या पट्ट्या निवडल्या होत्या. हे तिने किती गाठोड्यांतून केले असेल, ते आज मला कळते. आत सुती अस्तर होते, वह्यांसाठी दोन कप्पे होते आणि पट्टा खांद्याला काचू नये म्हणून त्यात होजिअरीची घडी भरली होती. तिने निवडून वेगळ्या ठेवलेल्या तीनही जाती त्या एका पिशवीत होत्या.

महाविद्यालयातल्या मैत्रिणींपैकी एकीने पिशवी हातात घेऊन विचारले, "कुठून घेतलीस?" मी म्हणाले, "स्टेशनबाहेरून. तीस रुपयांना. चिंदी आहे गं."

हा शब्द मी तेव्हा 'द'ने उच्चारला होता. घरी आम्ही तो 'ध'ने उच्चारत असू.

मी तसे का म्हणाले, हे पुष्कळ वर्षे मी स्वतःला नीट विचारले नाही. आई पिशव्या शिवते हे सांगण्यापेक्षा आपण पदपथावरून स्वस्तातली पिशवी घेतो हे सांगणे मला सोपे वाटले. गिऱ्हाईक असणे, मग ते कितीही हलके गिऱ्हाईक असो, विकणाऱ्याच्या घरची असण्यापेक्षा एक पायरी वर होते. शिवाय मीच चिंदी म्हटल्यावर दुसऱ्या कोणाला तसे म्हणण्याची संधी उरली नाही. 'आम्ही आपले चिंदी लोक' असे म्हणणाऱ्या आजच्या मुलांचा विनोद मी म्हणूनच निव्वळ विनोद समजत नाही. त्यात पुढच्याचा वार आपल्याच हाताने हलका करून घेण्याची घाई असते.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत तीच मैत्रीण घरी आली. शिवणयंत्रावर कापड पसरलेले होते, कोपऱ्यात गाठोडे होते आणि खुंटीला विक्रीच्या तीन-चार पिशव्या लटकत होत्या, माझ्या पिशवीच्या बहिणी शोभतील अशा. मैत्रिणीने त्यांच्याकडे पाहिले आणि सहज विचारले, "काकू, तुम्हीपण स्टेशनवरूनच घेता का या पिशव्या?"

आईने माझ्याकडे पाहिले. क्षणभरच. मग ती म्हणाली, "हो, तिथंच मिळतात. बरा असतो माल." आणि चहा ठेवायला उठली.

त्यावर आमच्यात कधी बोलणे झाले नाही. तिने जे केले त्याला माझे खोटे सांभाळून घेणे म्हणता येईल. पण तिचे दुसरे वाक्य पाहावे. मी मालाला चिंदी म्हटले होते. तिने, विकणारी म्हणून नव्हे तर गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन का होईना, त्याला 'बरा' म्हटले. आपल्या कामाविषयी एवढेच बोलण्याची मोकळीक मी तिला ठेवली होती.

६

ही व्यक्तिगत गोष्ट समीक्षेच्या नियतकालिकात का सांगावी, असा प्रश्न वाचकाला पडेल. माझे उत्तर असे की, पिशवीच्या बाबतीत मी जे केले तेच मी पुढे माझ्या प्रबंधात केले, आणि तेथे मला संकोच वाटण्याऐवजी पदवी मिळाली.

मुंबईकेंद्रित मराठी कथात्म साहित्यातील बोली हा माझ्या पीएच. डी.चा विषय होता. भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' १९६५ची. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२चा, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. पहिल्या पुस्तकावर अश्लीलतेवरून गदारोळ झाला. दुसऱ्याच्या शब्दकळेपुढे पांढरपेशा वाचक गोंधळून उभा राहिला. पुढच्या समीक्षेने ही चूक सुधारली, आणि सुधारताना एक नवे गृहीतक रूढ केले. ज्याला आधी 'ग्राम्य', 'बाजारू' म्हटले जाई ती भाषा आता जिवंत, रोखठोक, विद्रोही ठरली. रस्त्यावरचा शब्द म्हणजे खालून आलेला शब्द आणि खालून आलेला म्हणजे वरच्यावर प्रहार करणारा, असे समीकरण तयार झाले. माझा प्रबंध याच समीकरणावर उभा होता. पाध्ये आणि ढसाळ यांच्यापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे; तेथे शब्द वरच्या दिशेने फेकलेला असतो.

पण 'चिंदी' हा शब्द रस्त्यावरचा असूनही वर फेकलेला नाही. तो खाली फेकलेला आहे, आणि एकाच पायरीवरून. तो श्रीमंताने गरिबाला दिलेला नाही, तसा गरिबाने श्रीमंताला परतवलेलाही नाही. आपण खालच्या पायरीवरून नुकतेच उठलो आहोत ही ज्याला धास्ती आहे, त्याने त्या पायरीवर अजून बसलेल्याला दिलेला तो शब्द आहे. अशा शब्दाचे कौतुक केवळ त्याच्या चुरचुरीतपणासाठी करणे म्हणजे त्याच्या बाजूने उभे राहणे होय. बाख्तिनने शब्दात दुसऱ्याचे स्वर आधीच वस्तीला असतात असे मांडले. आपण मराठीत ते प्रमाणभाषेच्या मक्तेदारीविरुद्ध वापरले, आणि तसा तो वापर योग्यच होता. पण रस्त्यावरच्या शब्दातही सगळे स्वर सोबती नसतात. काही त्या शब्दाच्या पहिल्या मालकिणीला घराबाहेर काढून तेथे राहायला आलेले असतात.

प्रबंधाच्या शेवटी मी दीडशेच्या वर शब्दांचे परिशिष्ट जोडले होते. त्यात 'चिंदी : हलक्या प्रतीचा, कंजूष, क्षुद्र' अशी नोंद आहे. मौखिक परीक्षेत परिशिष्टाची प्रशंसा झाली. त्या नोंदीत किलोवर घेतलेल्या चिंध्या नाहीत, गिरणीतले माप नाही, बोहारणीची रेषा नाही, वाकळ नाही. हे सर्व मला ठाऊक नव्हते असे नाही; तेच मला इतर कशाहीपेक्षा अधिक ठाऊक होते. परंतु संदर्भ म्हणून मी छापील पुस्तके धरली आणि घरात मिळालेले ज्ञान 'व्यक्तिगत' म्हणून बाजूला ठेवले. ही वस्तुनिष्ठता होती असे मी तेव्हा समजत होते. आज ती मला मैत्रिणीसमोर दिलेल्या उत्तराची दुसरी आवृत्ती वाटते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. मूळ शब्द पवित्र आणि आजचा भ्रष्ट, असे माझे म्हणणे नाही. 'चिंधी' म्हणून हाका मारल्या गेलेल्या मुलींना त्या मूळ शब्दानेही सुख दिलेले नाही. गरिबीतल्या कारागिरीचे उदात्तीकरण हा तर पांढरपेशा मनाचा आणखी एक स्वस्त सौदा आहे. आईला चिंध्या आवडत नव्हत्या. त्यांच्या धुळीने तिला खोकला लागे, आणि माझ्या धाकट्या भावाला नोकरी लागली त्या महिन्यात तिने उरलेले गाठोडे फुकट देऊन टाकले. माझे म्हणणे मर्यादित आहे. चिंधी हा तुकडा होता. तुकडा म्हटले की तो कशाचा, हा प्रश्न उरतो. लुगड्याची, पातळाची, ताग्याची, पितांबराची. षष्ठी तिच्या मागे उभी असते. आणि पुढे जोड असतो, कारण तुकडा कशाला तरी लावता येतो. 'चिंदी' या विशेषणाला मागची षष्ठी नाही आणि पुढचा जोडही नाही. ते वस्तूला आणि मग माणसाला सुटे पाडते. कशातून आले आणि कशास लागेल, हे दोन्ही प्रश्न ते बंद करते. भाषेत अर्थापकर्ष नेहमीच होत असतो, त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. मात्र त्यात नेमके काय खर्ची पडले याची नोंद ठेवणे हे आपले काम आहे.

७

विद्यार्थिनीला मी पुन्हा बोलावले. तिच्या प्रकल्पातल्या माझ्या अकराही दुरुस्त्या मी तिच्यासमोर खोडल्या आणि तिचा 'द' तिला परत दिला. मग तिला विचारले की हा शब्द ऐकल्याचे स्थळ तिने दहा ठिकाणी दिले आहे. अकराव्या नोंदीत ते नाही, तेथे नुसते 'परिचित व्यक्ती' असे आहे. उदाहरण होते, 'तिची सगळी खरेदीच चिंदी.'

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ते वाक्य माझ्याबद्दल आहे."

मी तिला स्थळ लिहायला सांगितले नाही. एवढेच म्हटले की परिशिष्टात 'चिंधी' आणि 'चिंदी' या दोन स्वतंत्र नोंदी कर, आणि पहिल्या नोंदीसाठी माहिती हवी असेल तर ती देणारी एक व्यक्ती माझ्या ओळखीची आहे. पुढच्या रविवारी ती भांडुपला आली. आईने तिला गाठोडे कसे सोडायचे, सुती कोणती आणि टेरीकॉट कोणती हे बोटांनी चुरून दाखवले. घरात चिंध्या नव्हत्या म्हणून माझ्या जुन्या ओढण्यांवर दाखवले. मुलगी वहीत लिहीत होती. माहिती देणाऱ्याचा व्यवसाय असा एक रकाना तिच्या छापील तक्त्यात होता. तिने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलण्याआधी आई म्हणाली, "लिही, पिशव्या शिवत होते."